स्टार खेळाडू विकावेत का? बेसबॉलमधल्या ‘रीबिल्ड’विषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै संपत आला की अमेरिकेतल्या बेसबॉलवेड्या घरांत एकच धास्ती असते: आपल्या संघातलं कोण जाणार? शिकागोत ती दुप्पट, कारण इथे संघ दोन. उत्तरेकडे कब्स, दक्षिणेकडे व्हाइट सॉक्स. गेल्या पंधरा वर्षांत दोघांनीही आपले लाडके खेळाडू विकून संघ नव्याने उभारायचा डाव मांडला. एकाला 108 वर्षांनी विजेतेपद मिळालं. दुसऱ्याने एका हंगामात 121 सामने हरून आधुनिक बेसबॉलमधला पराभवांचा विक्रम केला. इथल्या मराठी घरांतली मुलं आता क्रिकेटइतकीच बेसबॉलची आकडेवारी तोंडपाठ म्हणतात, त्यामुळे त्यांचे आईवडीलही हे प्रश्न विचारू लागले आहेत. माझं मत आधीच सांगतो. स्टार विकणं हे पाप नाही. पण बदल्यात आलेल्या पोरांना घडवायची तयारी आणि पुढे पैसा सोडायची मालकाची दानत, या दोन्ही गोष्टी नसतील तर विकू नये.

‘रीबिल्ड’ म्हणजे नेमकं काय करतात?

आज जिंकून देणारे, महागडे, तिशीकडे झुकलेले खेळाडू दुसऱ्या संघाला द्यायचे आणि त्यांच्या बदल्यात त्या संघाच्या मायनर लीगमधली, म्हणजे खालच्या तयारीच्या संघांतली, तरुण पोरं घ्यायची. या पोरांना ‘प्रॉस्पेक्ट’ म्हणतात. ती एकोणीस-वीस वर्षांची असतात आणि मुख्य लीगमध्ये यायला त्यांना दोन-चार वर्षं लागतात. तोवर संघ हरतो. हरलेल्या संघाला ड्राफ्टमध्ये, म्हणजे शाळा-कॉलेजांतून नवे खेळाडू निवडायच्या फेरीत, वरचा क्रमांक मिळतो. चार-पाच वर्षांत ही सगळी पोरं एकाच वेळी तयार झाली की संघ पुन्हा उभा राहतो, असा हिशेब.

हंगामाच्या मध्यात अशा देवाणघेवाणीची मुदत साधारण जुलैच्या अखेरीस संपते. म्हणून तो आठवडा इतका घालमेलीचा.

आयपीएलमध्ये असं काही नसतं. मग इथेच का?

आयपीएलमध्ये दर काही वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि मोजके खेळाडू सोडले तर सगळे संघ मोडून नव्याने बांधले जातात. खर्चाची मर्यादा सगळ्यांना सारखी. बेसबॉलमध्ये लिलाव नाही आणि खर्चावर पक्की मर्यादाही नाही. ठरावीक रकमेच्या वर गेलं तर कर भरावा लागतो, एवढंच. त्यामुळे लॉस एंजेलिस किंवा न्यूयॉर्कचे संघ जो पगार देतात, त्याच्या जवळपासही लहान शहरांतले संघ जात नाहीत.

दुसरं असं, की इंग्लंडच्या फुटबॉलसारखी इथे खालच्या श्रेणीत घसरण्याची भीती नाही. मेजर लीगचे 30 संघ ठरलेले. 162 पैकी 110 सामने हरा, पुढच्या वर्षी तुम्ही त्याच लीगमध्ये असता आणि टीव्हीच्या सामाईक पैशातला वाटाही मिळतो. हरण्याची शिक्षा इतकी सौम्य असल्यामुळेच हा मार्ग मालकांना परवडतो. चाहत्याला तो तितकासा परवडत नाही, पण त्याला विचारतं कोण?

पण चांगला खेळाडू सोडायचाच कशाला? त्याला मोठा करार द्यावा ना!

इथे घड्याळ समजून घ्यायला हवं. मेजर लीगमध्ये आलेल्या खेळाडूवर संघाचा हक्क सहा वर्षांच्या सेवेपर्यंत असतो. त्यातली साधारण पहिली तीन वर्षं तो किमान पगाराच्या आसपास खेळतो. पुढची तीन वर्षं पगार वाटाघाटीने ठरतो, न जमल्यास लवाद ठरवतो. सहा वर्षं भरली की तो मोकळा, वाटेल त्या संघाकडे जाऊ शकतो. त्यामुळे प्रत्येक संघाच्या कार्यालयात प्रत्येक खेळाडूची उरलेली वर्षं मोजलेली असतात. दोन वर्षं उरली असताना विकला तर भाव चांगला येतो, दोन महिने उरले असताना विकला तर थोडा, आणि मुदत संपू दिली तर हाती लागते ड्राफ्टमधली एखादी जादा निवड.

हे मोजमाप किती काटेकोर असतं याचं उदाहरण म्हणजे क्रिस ब्रायंट. सेवेचं एक वर्ष म्हणजे 172 दिवस. 2015 मध्ये तो मुख्य संघात खेळायला पूर्ण तयार होता, सराव सामन्यांत चेंडू मैदानाबाहेर भिरकावत होता. तरी कब्सनी त्याला एप्रिलच्या मध्यापर्यंत मायनर लीगमध्ये ठेवलं. हंगाम संपला तेव्हा त्याच्या खात्यात 171 दिवस जमले होते. एक दिवस कमी! त्या एका दिवसामुळे कब्सना त्याच्यावर आणखी पूर्ण एक वर्ष हक्क मिळाला. ब्रायंटच्या वतीने खेळाडू संघटनेने तक्रार केली, ती 2020 मध्ये फेटाळली गेली. नियमात बसलं तरी माझ्या लेखी हा अन्यायच होता. ज्याने त्या वर्षी सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवला, त्याला ‘अजून तयार नाही’ म्हणणं कुणालाही पटलं नाही.

करार वाढवण्याची अडचण वेगळी. बेसबॉलपटू साधारण 26 ते 29 या वयात सर्वांत चांगला खेळतो. मोकळा होतो तो नेमका त्याच सुमाराला किंवा त्यानंतर. म्हणजे मोठा करार बहुतेक वेळा उतरणीच्या वर्षांसाठी असतो. म्हणून विकण्याचा विचार करणारा प्रत्येक मॅनेजर काही कंजूष नसतो.

खेळाडूची परवानगी घेत नाहीत?

सहसा नाही. फोन येतो, बॅग भरायची, निघायचं. मात्र मेजर लीगमध्ये दहा वर्षं झालेली असतील आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात गेली असतील, तर खेळाडू नकार देऊ शकतो. काहींच्या करारातच तशी अट असते.

या नकाराने कधीकधी इतिहास बदलतो. जुलै 2012 मध्ये कब्सनी पिचर (चेंडू टाकणारा) रायन डेम्पस्टरला अटलांटाला देण्याचं ठरवलं होतं. त्याने होकार दिला नाही. मुदत संपायला काही मिनिटं उरली असताना तो टेक्सासला गेला आणि बदल्यात आलेल्या दोघांत काइल हेंड्रिक्स नावाचा एक शांत पोरगा होता. ड्राफ्टमध्ये आठव्या फेरीत निवडलेला, चेंडूला खास वेग नसलेला. त्याचं कुणी फारसं कौतुक केलं नव्हतं. चार वर्षांनी वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्यात पहिला चेंडू टाकायला कब्सकडून तोच उभा होता.

कब्सनी हे नेमकं जमवलं कसं?

थिओ एपस्टीन ऑक्टोबर 2011 मध्ये बॉस्टनहून कब्सचा कारभार बघायला शिकागोला आले. पहिल्याच हंगामात, 2012 मध्ये, कब्स 101 सामने हरले. त्यानंतरची दोन वर्षंही हरण्यातच गेली. पण आतलं काम बघण्यासारखं होतं.

एक, ड्राफ्टमधल्या वरच्या निवडी त्यांनी बॅटरांवर खर्च केल्या, कारण तरुण पिचरचा खांदा-कोपर कधी दगा देईल सांगता येत नाही. 2013 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर ब्रायंट, 2014 मध्ये चौथ्या क्रमांकावर काइल श्वार्बर. दोन, दुसऱ्यांनी नाकारलेली माणसं त्यांनी पारखून घेतली. अँथनी रिझो 2011 मध्ये सॅन डिएगोकडून जेमतेम .141 च्या सरासरीने खेळला होता. एपस्टीन बॉस्टनला असताना त्यांच्याच संघाने त्याला ड्राफ्टमध्ये निवडलं होतं, पुढे कर्करोगातून उठून तो पुन्हा मैदानात उतरलेला त्यांनी पाहिला होता. माणूस ठाऊक होता म्हणून त्यांनी जानेवारी 2012 मध्ये त्याला घेतलं.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यांत मोलाची वाटते. स्कॉट फेल्डमन नावाचा एक साधा पिचर त्यांनी 2013 च्या हंगामापुरता एका वर्षाच्या करारावर आणला, त्याने अर्धा हंगाम बरा खेळ केला, आणि जुलैत त्याला बाल्टिमोरला देऊन कब्सनी जेक अरिएटा आणि पेड्रो स्ट्रॉप हे दोघं घेतले. बाल्टिमोरमध्ये अरिएटाची पार दैना झाली होती. दर नऊ डावांमागे तो सरासरी साडेपाचच्या आसपास धावा देत होता. तो शरीर आडवं फिरवून चेंडू टाकतो, ती त्याची लहानपणापासूनची ढब. बाल्टिमोरच्या प्रशिक्षकांनी ती सरळ करायचा खटाटोप केला. कब्सच्या प्रशिक्षकांनी सांगितलं, तुझ्या पद्धतीनेच टाक. 2015 मध्ये त्याने 22 सामने जिंकले, सरासरी 1.77 वर आणली आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार पटकावला. हात तोच होता, शिकवणारे बदलले होते.

शेवटी पैसा. पोरं तयार होत आली तसं मालकांनी पाकीट उघडलं. डिसेंबर 2014 मध्ये पिचर जॉन लेस्टरला सहा वर्षांसाठी 15.5 कोटी डॉलर, वर्षभराने जेसन हेवर्डला 18.4 कोटी. हेवर्डचा करार बॅटिंगच्या हिशेबाने महागच पडला. पण मालक पैसे खर्च करायला तयार आहे हे संघातल्या प्रत्येकाला दिसलं.

2016 च्या नोव्हेंबरात क्लीव्हलँडच्या मैदानावर सातवा सामना पावसाने थांबला, पुन्हा सुरू झाला, दहाव्या डावात गेला. शेवटचा चेंडू हळू घरंगळत ब्रायंटकडे आला. तो उचलताना ओल्या गवतावर त्याचा पाय घसरला, तरी चेहऱ्यावर हसू होतं. त्याने फेकला, रिझोने झेलला आणि लगेच तो चेंडू स्वतःच्या मागच्या खिशात घातला. 1908 नंतरचं पहिलं विजेतेपद! विकत घेतलेले, बदल्यात आणलेले आणि ड्राफ्टमधून घडवलेले, असे तिन्ही वाटांनी आलेले खेळाडू त्या मैदानात एकत्र होते.

मग व्हाइट सॉक्सचं काय चुकलं? त्यांनीही तेच केलं ना?

सुरुवात तर त्यांनी कब्सपेक्षाही झोकात केली. डिसेंबर 2016 मध्ये डावखुरा पिचर क्रिस सेल बॉस्टनला देऊन योआन मोंकाडा आणि मायकेल कोपेक घेतले. लगोलग अ‍ॅडम ईटन वॉशिंग्टनला देऊन लुकस जिओलिटो, रेनाल्डो लोपेझ आणि डेन डनिंग. 2017 च्या जुलैत होझे किंताना चक्क शहरातल्याच कब्सना देऊन एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीस. त्या काळी सगळे जाणकार एकमुखाने म्हणत होते की रीबिल्ड करावा तर असा. मलाही ते पटलं होतं.

2020 मध्ये ते प्लेऑफमध्ये पोहोचले, 2021 मध्ये 93 सामने जिंकून त्यांनी आपला विभाग जिंकला आणि पहिल्याच मालिकेत ह्यूस्टनकडून हरले. 2022 मध्ये 81 विजय, 81 पराभव. 2023 मध्ये 101 पराभव. मग 2024: सलग 21 पराभवांची एक रांग आणि हंगामाअखेर 41-121. न्यूयॉर्क मेट्सचा 1962 पासूनचा 120 पराभवांचा विक्रम मोडला.

कारणं एकात एक गुंतलेली आहेत. दुखापती तर झाल्याच. हिमेनेझने 2021 च्या हंगामाआधीच्या एका सराव सामन्यात होम रन अडवायला भिंतीवर झेप घेतली आणि छातीचा स्नायू फाटला. त्या सामन्याचा निकाल कुणाच्या लेखी नव्हता. पण नुसतं नशिबाला बोल लावून चालणार नाही.

पोरं मुख्य संघात आल्यावर त्यांच्याभोवती अनुभवी माणसं लागतात, तिथे हात आखडला. 2019 च्या सुरुवातीला मॅनी मचाडो मोकळा होता. त्याने यावं म्हणून व्हाइट सॉक्सने त्याच्या मेहुण्याला आणि एका मित्राला आधी संघात घेतलं! खुद्द मचाडोला मात्र सॅन डिएगोने 30 कोटी डॉलर दिले आणि तो तिकडे गेला. संघाच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत मोठा करार पुढे अँड्र्यू बेनिन्टेंडीला मिळाला, तो होता 7.5 कोटींचा. कब्सनी लेस्टरला दिले त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि तेही आठ वर्षांनी. शिकागो हे देशातलं तिसरं मोठं शहर आहे. इथल्या संघाला गरिबीची सबब शोभत नाही.

प्रशिक्षकाची निवड हे तर उघड उदाहरण. 2020 च्या हंगामानंतर मालक जेरी राइन्सडॉर्फ यांनी 76 वर्षांच्या टोनी ला रूसा यांना आणलं. ला रूसा हे या खेळातलं फार मोठं नाव, पण त्यांनी 2011 नंतर संघ सांभाळलेला नव्हता. तरुण, मोकळ्याढाकळ्या पोरांच्या त्या संघाला ते कधीच मानवलं नाही.

आणि मुळातली उणीव: वरच्या फळीतली दहा-बारा पोरं सोडली तर खाली मायनर लीगमध्ये फारसं कुणी घडत नव्हतं. एक जखमी झाला तर दुसरा तयार नाही. रीबिल्डच्या आधीही पारखण्यात अशी चूक झालेली होती. जून 2016 मध्ये अनुभवी पिचर जेम्स शील्ड्ससाठी त्यांनी सॅन डिएगोला 17 वर्षांचा एक पोरगा देऊन टाकला. त्याचं नाव फर्नांडो टाटिस ज्युनियर. ऑगस्ट 2023 मध्ये केन विल्यम्स आणि रिक हान या दोन्ही वरिष्ठ अधिकाऱ्यांना काढण्यात आलं. तोवर क्रिस सेलने बॉस्टनकडून 2018 च्या वर्ल्ड सिरीजचा शेवटचा चेंडू टाकूनही झाला होता.

संघ मुद्दाम हरतात का?

मैदानावरचा खेळाडू कधीच मुद्दाम हरत नाही. त्याची नोकरीच पणाला लागलेली असते. पण कार्यालयातून जिंकण्याची शक्यता नसलेला संघ पाठवला जातो, हे खरं आहे. ह्यूस्टन 2011 मध्ये 106, 2012 मध्ये 107 आणि 2013 मध्ये 111 सामने हरलं. त्या शेवटच्या वर्षी त्यांच्या एका सामन्याचं टीव्ही रेटिंग 0.0 नोंदलं गेलं. 2017 मध्ये ते विजेते झाले आणि मग ‘हरा, म्हणजे जिंकाल’ ही साथ सगळीकडे पसरली. त्या विजेतेपदाला पुढे प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा कॅमेऱ्याने चोरल्याचा डाग लागला. जानेवारी 2020 मध्ये जनरल मॅनेजर आणि प्रशिक्षक दोघांचीही नोकरी गेली.

शिवाय ह्यूस्टनच्या यशाचं श्रेय सगळं हरण्याला देणं चूक आहे. होझे अल्टुवेला त्यांनी व्हेनेझुएलातून 15 हजार डॉलरवर घेतलं होतं, तेही रीबिल्डच्या कितीतरी आधी. उलट 2013 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला मार्क अपेल ह्यूस्टनकडून मेजर लीगचा एकही सामना खेळला नाही.

लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या 2022 च्या करारापासून ड्राफ्टच्या पहिल्या सहा निवडी सोडतीने ठरतात. सर्वांत वाईट तीन संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी 16.5 टक्के संधी असते, आणि तोच संघ वर्षानुवर्षं सोडतीत राहू शकत नाही. व्हाइट सॉक्स 2024 मध्ये 121 सामने हरले आणि या नियमामुळे 2025 च्या ड्राफ्टमध्ये त्यांची पाळी दहाव्या क्रमांकावर आली. नियम कडक आहे आणि तसाच हवा.

खेळाडू अगदी तरुण आणि असामान्य असेल तरी विकावा?

माझं उत्तर: नाही. वॉशिंग्टनने हुआन सोटोला 15 वर्षांसाठी 44 कोटी डॉलर देऊ केले, त्याने ते नाकारले आणि ऑगस्ट 2022 मध्ये त्याला सॅन डिएगोला विकलं. तेव्हा तो 23 वर्षांचा होता. बदल्यात आलेली पोरं खोटी निघाली असं मुळीच नाही. सीजे एब्रम्स, मॅकेन्झी गोर आणि जेम्स वुड हे तिघंही ऑल-स्टार झाले, म्हणजे लीगमधल्या वर्षाच्या निवडक खेळाडूंत गणले गेले. एका खेळाडूच्या बदल्यात तीन ऑल-स्टार म्हणजे कागदावर घसघशीत सौदा. तरीही वॉशिंग्टन 2023, 2024 आणि 2025 या तिन्ही वर्षी हरतच राहिलं आणि जुलै 2025 मध्ये जनरल मॅनेजर व प्रशिक्षक दोघांनाही घरी पाठवण्यात आलं. सोटोने डिसेंबर 2024 मध्ये मेट्सशी 76.5 कोटींचा करार केला.

तीन चांगले खेळाडू मिळून एक असामान्य खेळाडू होत नाही. मैदानात जागा नऊच असतात. 23 वर्षांचा सोटो हाती असेल तर त्याच्याभोवती संघ बांधायचा असतो.

पण न विकण्याचीही किंमत असतेच ना?

असते, आणि ती लॉस एंजेलिस एंजल्सनी भरली. जुलै 2023 मध्ये पिचिंग आणि बॅटिंग दोन्हींत अव्वल असलेल्या शोहेई ओहतानीच्या करारात जेमतेम दोन महिने उरले होते. त्यांनी त्याला ठेवलं, इतकंच नाही तर आपले प्रॉस्पेक्ट देऊन व्हाइट सॉक्सकडून जिओलिटो आणि लोपेझ घेतले. ऑगस्टमध्ये संघ कोसळला, ओहतानीच्या कोपराला इजा झाली आणि महिनाअखेर त्याच जिओलिटो-लोपेझला त्यांनी सोडून दिलं. डिसेंबरमध्ये ओहतानी 70 कोटींच्या करारावर डॉजर्सकडे गेला. एंजल्सच्या हाती उरली ड्राफ्टमधली दुसऱ्या फेरीनंतरची एक निवड.

तरी ओहतानीला न विकल्याबद्दल मी त्यांना फार दोष देत नाही. असा खेळाडू पुन्हा दिसणार नाही, त्याला शेवटपर्यंत आपल्या रंगात पाहणं हाही चाहत्यांचा हक्क आहे. त्यांचा दोष आधीच्या पाच वर्षांतला आहे. ओहतानी आणि माइक ट्राउट एकाच संघात असताना एकदाही प्लेऑफ गाठता येऊ नये, याला काय म्हणावं!

संघ पूर्ण न मोडता जमत नाही का?

जमतं, आणि मला हाच मार्ग जास्त पटतो. मिलवॉकी शिकागोपासून मोटारीने दीड-दोन तासांवर, शहर लहान, पैसा बेताचा. फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांनी आपला सर्वोत्तम पिचर कॉर्बिन बर्न्स बाल्टिमोरला दिला, कारण त्याचं एकच वर्ष उरलं होतं. बदल्यात जोई ऑर्टिझ आणि डीएल हॉल हे लगेच खेळू शकतील असे दोघं, शिवाय ड्राफ्टमधली एक निवड. त्या वर्षी 93 सामने जिंकून विभाग जिंकला. 2025 मध्ये 97 विजय, सगळ्या लीगमध्ये सर्वांत जास्त, आणि प्लेऑफमध्ये आमच्या कब्सना घरी पाठवलं. एखादा स्टार विकायचा पण हंगाम विकायचा नाही, हे त्यांनी पक्कं ठरवलेलं दिसतं.

कॅन्सस सिटीने डिसेंबर 2010 मध्ये पिचर झॅक ग्रेंकी मिलवॉकीलाच दिला होता. त्या सौद्यात आलेला लोरेंझो केन 2014 च्या आणि अल्सिडेस एस्कोबार 2015 च्या लीग अंतिम मालिकेचा मानकरी ठरला. 2015 मध्ये कॅन्सस सिटी विजेती झाली. लहान शहरांना वाट आहे, पण पारख अचूक हवी.

2022 पासून प्लेऑफमध्ये 12 संघ जातात, हेही लक्षात घ्या. ॲरिझोना 2023 मध्ये फक्त 84 सामने जिंकून वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचलं. दार इतकं उघडं असताना पाच वर्षं बाहेर बसून राहायचं कारण काय?

2021 मध्ये कब्सनी रिझो, बाएझ आणि ब्रायंट विकले, ते बरोबर होतं?

मन अजून नाही म्हणतं. 29 आणि 30 जुलै या दोन दिवसांत तिघंही गेले. 2016 च्या शेवटच्या चेंडूचा फेकणारा आणि झेलणारा, दोघंही! इथल्या कितीतरी मुलांनी त्या दिवशी पहिल्यांदा जाणलं की बेसबॉल हा धंदाही आहे.

हिशेबाने मात्र तो निर्णय बरोबर ठरला. तिघंही हंगामाअखेर मोकळे होणार होते. ब्रायंटला कोलोरॅडोने सात वर्षांसाठी 18.2 कोटी दिले आणि दुखापतींमुळे पहिल्या चार हंगामांत मिळून तो 170 सामने खेळला. बाएझला डेट्रॉइटने 14 कोटी दिले, त्याची बॅट पहिली तीन वर्षं जवळजवळ गप्पच होती. त्याच्या बदल्यात मेट्सकडून आलेला पीट क्रो-आर्मस्ट्राँग तेव्हा 19 वर्षांचा होता, खांद्याच्या शस्त्रक्रियेतून सावरत होता आणि मायनर लीगचे जेमतेम सहा सामने खेळला होता. 2025 मध्ये त्याने 31 होम रन मारले, 35 बेस चोरले आणि सेंटर फील्डमध्ये असे झेल घेतले की कब्सचं रिग्ली मैदान अख्खं उभं राहायचं.

रिझो आणि ब्रायंटच्या बदल्यात मात्र फारसं काही लाभलं नाही. म्हणजे तीन सौद्यांत एक लागला. प्रॉस्पेक्टचा व्यवहार साधारण असाच असतो. रिझो सप्टेंबर 2025 मध्ये कब्सचा खेळाडू म्हणूनच निवृत्त झाला, याचं समाधान मोठं आहे.

अशा वर्षांत चाहत्याने तिकिटं काढावीत का?

ज्याचा त्याचा प्रश्न, पण न काढणाऱ्याला गद्दार म्हणू नये. मायामीने 2017 च्या हंगामानंतर जियानकार्लो स्टँटन, क्रिश्चन येलिच आणि मार्सेल ओझुना असे तिन्ही आउटफील्डर विकले. 2018 मध्ये त्यांच्या घरच्या सगळ्या सामन्यांना मिळून सुमारे 8 लाख 11 हजार प्रेक्षक आले, लीगमध्ये सर्वांत कमी. लोकांनी दिलेलं ते उत्तर होतं आणि ते रास्त होतं. मुलांना खेळ दाखवायचा असेल तर मायनर लीगचे सामने बघा. तिकीट स्वस्त, मैदान लहान, आणि उद्याचा स्टार हाताच्या अंतरावर उभा राहून सही देतो.

व्हाइट सॉक्सची दुसरी खेप तरी यशस्वी होईल का?

पोरं पुन्हा चांगली जमली आहेत. डिसेंबर 2024 मध्ये गॅरेट क्रोशे बॉस्टनला देऊन आणलेले काइल टील आणि चेस माइड्रॉथ 2025 मध्ये मुख्य संघात खेळले. एंजल्सकडून जिओलिटोच्या बदल्यात आलेला कॅचर एडगर केरोही आला. ड्राफ्टमधून घेतलेल्या कोल्सन माँटगोमेरीने अर्ध्याच हंगामात 21 होम रन मारले. तरी 102 पराभव झालेच.

पारख सुधारली आहे असं वाटतं. पैशाचं कोडं मात्र तसंच आहे. जून 2025 मध्ये गुंतवणूकदार जस्टिन इशबिया यांच्याशी झालेल्या करारानुसार संघाची मुख्य मालकी त्यांच्याकडे जाऊ शकते, पण लवकरात लवकर 2029 मध्ये, आणि तेही राइन्सडॉर्फ यांनी ठरवलं तर. 2034 च्या हंगामानंतर इशबियांना स्वतःहून ती घेता येईल. टील, माइड्रॉथ, माँटगोमेरी यांच्यावरचा संघाचा हक्क साधारण 2031 च्या हंगामापर्यंत आहे. त्यांच्या ऐन उमेदीच्या काळात, म्हणजे 2027-28 च्या सुमारास, लेस्टरसारखा एखादा मोठा पिचर आणायला आताच्या मालकांनी पैसे सोडले तर दक्षिण शिकागोतही विजयाची मिरवणूक निघेल. नाही सोडले, तर 2030 च्या जुलैत याच पोरांचे भाव विचारायला बॉस्टनचा फोन येईल.